अमृत ब्रास बँडची अक्षरं

बीदर, २३ ऑगस्ट २००९

रविकुमार यास,

वर नमस्कार लिहिलेला नाही, तो विसरून नव्हे. दहा वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही भांडायला, म्हणून सरळ मुद्द्याला येतो. तुझा पत्ता अमृतप्पाकडून घेतला. त्याच्याकडे फोन नंबरही होता, पण फोनवर तू 'अण्णा' म्हणशील आणि मी ढिला पडेन, म्हणून पत्र.

गेल्या महिन्यात अमृतप्पानं मला हाताला धरून चौबाऱ्याजवळच्या सायबर कॅफेत नेलं. लग्नात बँड वाजवणाऱ्या माणसाला हल्ली कॉम्प्युटरचं वेड लागलंय. म्हणाला, आमच्या बँडचं पान निघालंय, हैदराबादपासून लातूरपर्यंत सगळ्यांना दिसतंय, तुम्ही बघितलंच नाही. पान उघडलं. वर ठळक अक्षरांत 'अमृत ब्रास बँड'. ती अक्षरं बघितली आणि कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. ती त्याच्या दुकानावरच्या पाटीची अक्षरं आहेत. शहाण्णव सालची. फोटो काढून, साफसूफ करून तू ती जशीच्या तशी पानावर चढवलीस. आणि तळाला काय लिहिलंस? 'डिझाइन: रविकुमार, पुणे.'

तुला आठवत नसेल तर सांगतो. मे महिना. शिडीच्या वरच्या पायरीवर मी, डोक्याला ओला पंचा, खाली बघ्यांची गर्दी. वर कन्नड, मधे मराठी, खाली उर्दू. मराठीच्या ओळीला लोक थांबले. त्यातल्या दोन्ही 'ब'च्या पोटातली रेघ बघ. अशी रेघ बीदर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला ओढता येत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात सही आहे, ती पण वाच: धनराज.

आणि हे केलं कुणी? करजगीहून आला तेव्हा ज्याला सूत मारून सरळ रेघ पाडता येत नव्हती त्यानं. ब्रश कसा धुवायचा इथपासून मी ज्याला शिकवलं त्यानं. पाटीवर माझंही नाव पाहिजे म्हणून भांडून दुकान सोडून गेला त्यानं. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती ही.

तू म्हणशील, अण्णाच्या पोटात दुखायलंय. दुखतंय. लपवत नाही. तू नव्व्याण्णव साली गेलास तेव्हा तुझ्याजवळ एक ट्रंक आणि तो डावखुरा हात, एवढंच होतं. आता अमृतप्पा सांगतो, पुण्यात तुझं ऑफिस आहे, चाकाच्या, गरगर फिरणाऱ्या खुर्चीवर बसतोस, हाताखाली चार माणसं आहेत. त्यानं हे तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा मी ऐकून घेतलं. इकडे फ्लेक्सचं मशीन आलं तेव्हापासून मला लग्नघराच्या भिंतीवर 'शुभविवाह' लिहायला आणि ट्रकच्या मागं नंबर टाकायला बोलावतात.

माझी मागणी एकच आहे. त्या पानावरचं तुझं नाव काढ आणि अक्षरांखाली माझं घाल. दुसरं काही नको.

आणि एक बातमी. तुझ्यासारखं पान करायला पुण्यालाच जावं लागतं असं नाही. इथं कम्युनिटी कॉलेज निघालंय, संध्याकाळी सहा ते आठ, वेबसाइट बनवायचा एक वर्षाचा डिप्लोमा. मी नाव घातलंय. एक्केचाळिसाव्या वर्षी. कलाबाई हसली. तू पण हसून घे.

धनराज पेंटर


बीदर, २५ ऑक्टोबर २००९

रविकुमार,

दोन महिने झाले, उत्तर नाही. मोठी माणसं उत्तर देत नसतात हे कळायला पुण्याला जावं लागत नाही.

कॉलेजचं सांगतो. वर्गात मी सोडून सगळी अठरा-वीसची पोरं-पोरी. पहिल्या दिवशी मी आत गेलो तर सगळे उभे राहिले, त्यांना वाटलं सर आले. मीही घटकाभर त्यांना तसंच वाटू दिलं. मग खऱ्या मॅडम आल्या, मंजुश्री म्हणून, औरादकडच्या, वयानं माझ्या निम्म्या. शिकवतात कन्नड-इंग्रजीत, माझ्यापाशी येऊन तेच मराठीत सांगतात. मला 'काका' म्हणतात, त्यामुळे आता आख्खा वर्ग काका म्हणतो.

पानाला डोकं असतं आणि धड असतं, एवढं आलं. प्रत्येक खूण उघडली की बंद करायची. एक जरी उघडी राहिली तर गोठ्याचं फाटक उघडं राहिल्यासारखं खालचं सगळं कुठंच्या कुठं जातं. आणि 'सेंटर' असं लिहिलं की अक्षरं आपोआप मधोमध येऊन बसतात. ते बघून मला हसू आलं आणि मग राग आला. आपण दोघं दोन टोकांना दोरी धरून, वितीनं मोजून, खडूनं खुणा करून ज्याला तासभर घालवायचो ते या डबड्याला एका शब्दात जमतं. मला तुझा हेवा वाटतो हे तुला ठाऊक आहे. आता त्या डबड्याचाही वाटतो.

आता खरं सांगतो, कारण तुझ्या कानावर गेलंच असेल. मी अमृतप्पाला जाऊन सांगितलं की रविकुमारनं माझी अक्षरं चोरली, आणि आपल्या गावचं काम आपल्या गावच्या माणसाकडं असावं. वर्षाअखेर कॉलेजात एक खरं पान करून दाखवावं लागतं, ते तुझं करतो, म्हटलं. तो म्हणाला, हौ, कुणी बी करा, मला गिऱ्हाईक आलं म्हंजे झालं. त्यानं तुझ्याकडे पासवर्ड मागितला. मला वाटलं होतं तू आकाशपाताळ एक करशील. तू त्याच संध्याकाळी मोबाइलवर पाठवून दिलास. वर दोन ओळी: 'अण्णाला द्या. जुनं पान आधी कॉपी करून ठेवा म्हणावं.'

हे काय वागणं झालं? भांडला असतास तर बरं वाटलं असतं. माझ्याशी भांडावं इतकाही मी उरलो नाही का? कॉपी मी करणार नव्हतो. मॅडमनी करायला लावली, आणि एक सीडी स्वतःच्या कपाटात ठेवली.

अजून एक. पाडव्याला तू कलाबाईला फोन केलास हे मला आज कळलं. दर पाडव्याला करतोस, हेही आजच कळलं. दहा वर्षं. मी विचारलं काय बोलतो, तर म्हणाली, तुमची तब्येत विचारतो. माझी तब्येत मला विचारायची. आणि तिला 'वैनी' म्हणून पुरणपोळीची आठवण काढायची काही गरज नाही. तू गेल्यापासून तिनं पाडव्याला एक पोळी जास्त केली, ती कामून ते मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

धनराज


बीदर, १७ जानेवारी २०१०

रविकुमार,

तिळगूळ पाठवलेला नाही.

तुझं पान पुसलं. डिसेंबरात पंधरा दिवस बसून माझं चढवलं. त्याबद्दल तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

कॉम्प्युटरची मराठी अक्षरं तू रोज बघतोस, तुला काही वाटत नाही? उपाशी अक्षरं आहेत ती. वेलांटीत जीव नाही, उकार लुळे. मला ती आपल्या पानावर बघवेनात. म्हणून मी काय केलं, सगळं पान ड्रॉइंगच्या कागदावर ब्रशनं लिहिलं. क्लॅरिनेट कोण वाजवतो, ढोल कोणाचा, घोडा मिळेल की नाही, पत्ता, फोन नंबर, सगळं. शेडिंगसकट. त्याची चित्रं काढून एकाखाली एक लावली. वर्गातली पोरं बघतच राहिली. अमृतप्पानं सायबर कॅफेतल्या सगळ्यांना चहा पाजला. मी त्या दिवशी तुझी आठवण काढली आणि मला फार बरं वाटलं, खरंच सांगतो.

तुळशीची लग्नं होऊन गेली, नवीन वर्ष लागलं, आणि अमृतप्पाचा फोन वाजेना. दर साली या दिवसांत लातूर, उदगीर, नारायणखेडहून विचारणा यायची, ती थांबली. फेब्रुवारीच्या चार चांगल्या तिथी रिकाम्या. बँडच्या माणसाला तिथी रिकामी म्हणजे काय, तुला सांगायला नको. तो माझ्या दुकानात येऊन बसला. मला वाटलं तू तिकडून काहीतरी बिघडवलंस. वर्गात चारचौघांत तसं बोललोही. हे मी तुझ्यापासून लपवलं असतं, पण मॅडम म्हणाल्या की ज्याच्यावर आळ घेतला त्याला कळवायला पाहिजे.

मॅडमनी पान उघडायला लावलं. माझी एकेक ओळ वरून खाली, पडदा सोडल्यासारखी, उतरत होती. फोन नंबर दिसेपर्यंत माणूस चहा पिऊन येईल. मग त्यांनी शोधायच्या ठिकाणी 'बीदर बँड लग्न' असं लिहिलं. इतर चार बँड आले. आमचा नाही. त्या म्हणाल्या, "काका, तुमी पान न्हाई केलं, पाटी रंगवली. पाटी माणसं वाचतात. पान आदी मशीन वाचतंय, मंग माणसं. मशीनला तुमचं अक्षर म्हंजे नुस्तं चित्र."

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर मी उठून घरी गेलो असतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलो. त्या दिवशी अंगण सरळ होतं.

आठ दिवस एका बोटानं टाइप करून सगळा मजकूर त्या उपाशी अक्षरांत पुन्हा घातला. आता पान पटकन उघडतं आणि शोधलं की सापडतं. दोन तिथी परत आल्या. शीर्षक मात्र तुझ्या पानावर होतं तेच ठेवलं. माझीच अक्षरं आहेत, मी कशाला बदलू? तळाला आता असं आहे: 'पान व अक्षरे: धनराज पेंटर, बीदर.' दिसेल असं, ठळक.

तर जे मागत होतो ते मी माझं मी करून घेतलं. हे शेवटचं पत्र समज.

धनराज


बीदर, ७ मार्च २०१०

रव्या,

शेवटचं म्हणालो होतो, पण गप्प राहवेना.

काल वर्गात मॅडम चित्रांचं शिकवत होत्या. प्रत्येक चित्राच्या मागं काही शब्द लिहून ठेवायची जागा असते म्हणे. चित्र दिसतं तोवर ते शब्द दिसत नाहीत. लाइन मंद असली आणि चित्र आलं नाही तर त्या जागी ते शब्द येतात, आणि आंधळ्या माणसाला कॉम्प्युटर तेच वाचून दाखवतो. हे सगळेच विसरतात, मॅडम म्हणाल्या, पण ज्यांना काम येतं ते विसरत नाहीत, थांबा, दाखवते. आणि त्यांनी कपाटातली सीडी काढली. तुझं जुनं पान मोठ्या पडद्यावर लावलं आणि चित्रं बंद केली.

'अमृत ब्रास बँड' गेलं. तिथं एक रिकामी चौकट आली आणि चौकटीत बारीक अक्षरांत: 'अमृत ब्रास बँड. अक्षरे: धनराज पेंटर, बीदर.'

वर्गानं मागं वळून माझ्याकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

वर्ग सुटल्यावर मी मॅडमना विचारलं, हे त्यानं कधी घातलं ते कळतं का. त्यांनी तारीख काढून दिली. फेब्रुवारी दोन हजार आठ. म्हणजे मी तुला पहिली शिवी लिहायच्या दीड वर्ष आधी. म्हणजे मला भिऊन नाही. कुणी मागितलं म्हणूनही नाही.

आता मला सांग, मी काय करावं अशी तुझी अपेक्षा आहे? आभार मानू? नाव दिलंस ते कुठं, तर चित्राच्या मागं. तुझं नाव तळाला उजेडात आणि माझं आंधळ्यांसाठी. द्यायचं होतं तर चारचौघांना दिसेल असं द्यायचं. आणि अक्षरं माझीच आहेत, तेव्हा त्यात तुझे उपकार कसले? माझं मला दिलंस.

माझं डोकं तापलंय. तुझ्याजवळ ऑफिस आहे, चाकाची खुर्ची आहे, चार माणसं आहेत, ते सगळं मी कसंबसं गिळलं. आता तू माझ्यापेक्षा चांगला माणूसही होऊन बसलास, तर मी जायचं कुठं?

धनराज


बीदर, १० मार्च २०१०

रव्या, कार्डावर लिहितोय कारण जास्त लिहायचं नाही. मागच्या पत्रात 'अक्षरं माझीच आहेत' असं एक वाक्य आहे. ते वाक्य धरू नकोस. कारण पुढं कधीतरी लिहीन. कलाबाई बरी आहे. पाडव्याला तिला फोन केलास तर माझी हरकत नाही. पोस्टमन हे कार्ड वाचणार, म्हणून इथंच थांबतो.

ध.


बीदर, ३० मे २०१०

रवी,

आठ दिवसांपूर्वी परीक्षा झाली. गुलबर्ग्याहून हावगेप्पा नावाचे सर आले होते, वयस्क, कमी बोलणारे. माझं पान उघडून बराच वेळ खालीवर केलं. मग वरच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, हा कुठला फॉन्ट. मी म्हणालो, फॉन्ट नाही, हातानं काढलेली आहेत. त्यांनी विचारलं, कुणाच्या हातानं?

मॅडम शेजारी उभ्या होत्या. मी म्हणालो, आमच्या दुकानातली आहेत. ते म्हणाले, बाकी पान ठीक आहे, पण एवढी ओळ मी कापून घरी भिंतीवर लावीन. पहिल्या वर्गात पास केलं.

पेढे घेऊन घरी गेलो. कलाबाईनं पुडा हातात घेतला, उघडला नाही. काय विचारलं परीक्षेत, म्हणाली. मी सांगितलं, आणि काय उत्तर दिलं तेही सांगितलं. तिनं पुडा फळीवर ठेवला आणि म्हणाली, "त्या म्हैन्यात तुमी निंबर्ग्यात माज्या मायच्या घरी पडून होताव. डोळे हळदीवानी पिवळे. ती पाटी कोन लिवली, मला म्हाईत न्हाई व्हय?"

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. जेवलो पण नाही.

तर लिहितो. शिडी नव्हती. डोक्याला ओला पंचा नव्हता. म्हणजे असेल, पण तुझ्या. मला कावीळ झाली होती, मी महिनाभर सासुरवाडीला झाडपाल्याचं औषध पीत पडलो होतो, आणि अमृतप्पाच्या नव्या दुकानाचं उद्‌घाटन ठरलेलं होतं. पाटी तू लिहिलीस. तिन्ही ओळी. 'ब'च्या पोटातली ती रेघ खालून वर गेली आहे, ब्रश टेकला तिथं रंग जाड आहे. उजव्या हाताचा माणूस ती वरून खाली ओढतो. मला हे कळत नाही असं नाही. पेंटर आहे मी.

तुला खोटं वाटेल, पण पहिलं पत्र लिहिताना मला शिडी आठवत होती. चौदा वर्षं मी त्या पाटीखालून जातोय. लोक म्हणायचे, धनराज, काय हात आहे तुझा. मी मान हलवायचो. इतक्या वेळा मान हलवली की पुढं ऊन आठवायला लागलं, मग शिडी, मग खालची गर्दी. तुझं पान बघितलं तेव्हा चोरी झाली म्हणून जो राग आला तो अगदी खरा होता. मार्चमधलं ते पत्र टाकून आलो आणि रस्त्यात पाटीसमोर उभा राहिलो, तेव्हा पहिल्यांदा शिडीवर तू दिसलास. म्हणून ते कार्ड.

आणि त्याच्याही आतलं एक सांगायचंय, ते कलाबाईलाही ठाऊक नाही. मी निंबर्ग्याहून आलो त्या दिवशी स्टँडवरून घरी न जाता आधी अमृतप्पाच्या दुकानासमोर गेलो. पाटी बघितली. तू माझ्यापेक्षा चांगला झाला होतास. तुझं वय तेव्हा पंचवीस. मी तिथं उभा राहून एकेक अक्षरात खोट शोधली, एक मिळाली नाही. खाली कोपऱ्यात माझी सही होती, तीही तूच केलेली, दुकानाची रीत म्हणून. दुकानात आलो आणि रंग जास्त लागला म्हणून तुला ओरडलो. शाबास म्हणालो नाही. त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळतोय. पुणं, ऑफिस, खुर्ची हे सगळं नंतरचं, आयतं मिळालेलं निमित्त.

डिसेंबरात तुझं पान पुसलं तेव्हा शीर्षकही पुसणार होतो. ते आपल्या हातानं नवीन करायचं असं ठरवूनच बसलो होतो. वीसेक कागद खराब केले. मग, का ते स्वतःलाही न विचारता, डाव्या हातात ब्रश धरून बघितला. कलाबाईनं विचारलं हे काय करायलाव, तर म्हटलं हाताला मुंग्या आल्यात. रेघ आली नाही. 'माझीच अक्षरं, कशाला बदलू' हे तुला लिहिलं ते त्यानंतर.

तू दुकान सोडलंस त्या दिवशीचं बोलणं मी लोकांना नेहमी असं सांगत आलो की पोरगं डोक्यावर बसायला निघालं होतं. तू काय म्हणाला होतास ते मला शब्दन् शब्द याद आहे. "अण्णा, पाटीवर माझंबी नाव टाकू की. तुमच्या खाली, बारीक टाकू." बारीक टाकू म्हणाला होतास. मी म्हणालो, पाटीवर नाव एकाचंच असतं.

मग तू माझं नाव दुसऱ्यांदा तुझ्या अक्षरांखाली का लिहिलंस? रीत म्हणून? की कधीतरी अण्णा हे वाचील आणि त्याला झोंबेल म्हणून? झोंबलं, त्या हेतूनं केलं असशील तर काम फत्ते. पण कलाबाई म्हणते तसं नाही, त्याला खरंच वाटतं की हात तुमचाच आहे, त्यानं तो उसना घेतलाय. ती नेहमी तुझ्याच बाजूनं असते. मला हे खरं असण्याची जास्त भीती वाटते.

काल हावगेप्पा सरांना पत्र लिहून कळवलं की ती अक्षरं माझी नाहीत, वर्ग कमी करायचा असेल तर करावा. अमृतप्पालाही सांगितलं. तो म्हणाला मला पयल्यापासून ठाऊक होतं की, शिडी मीच धरली होती. चौदा वर्षं तो माझ्यासमोर पाटीचं कौतुक करत होता आणि मी मान हलवत होतो.

पानाच्या तळाची ओळ बदलली आहे. तिथं आता दोन ओळी आहेत. 'अक्षरे: रविकुमार, करजगी' आणि 'पान: धनराज, बीदर'. पुण्याचं नाव घातलं नाही, ब्रश पुण्यात शिकला नव्हतास. तुझी ओळ वर आहे. दिसेल अशी, चित्राच्या मागं नाही.

अक्षराचा आकार मात्र सांगायला पाहिजे, कारण तू सोर्स उघडून बघशीलच. माझी ओळ चौदा आहे आणि तुझी तेरा. तुझी चौदा करून बघितली होती. दोन दिवस तशी ठेवली, येता-जाता सायबर कॅफेत जाऊन बघितली, मला झेपली नाही. पुन्हा तेरावर आणली. इतकं मोठं मन माझ्याजवळ नाही, ते कुठून आणू? मंजुश्री मॅडमकडे पासवर्ड देऊन ठेवलाय आणि सांगून ठेवलंय की तुझा फोन आला तर चौदा करायचं. मला विचारायचं नाही. विचारलं तर मी नको म्हणेन.

धनराज